रेस्टोमॉड

रेस्टोमॉड म्हणजे जुन्या अभिजात मोटारीचे बाह्यरूप कायम राखून तिच्यात आधुनिक इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन व विद्युतयंत्रणा बसवलेली मोटार होय. जीर्णोद्धार या अर्थाचा 'रेस्टोरेशन' आणि फेरबदल या अर्थाचा 'मॉडिफिकेशन' या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा तयार झाली. हा प्रकार अनेक देशांत आढळत असला, तरी त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे आहे. शेव्हरोले कॉर्व्हेट, फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमारो या मोटारी त्यासाठी विशेष पसंत केल्या जातात. अशा मोटारी वापरण्यास सुलभ असतात. मात्र त्यांच्यातील बहुतेक बदल पुन्हा उलटवता येत नाहीत. त्यामुळे कोणती मोटार बदलावी आणि कोणती जतन करावी, हा या क्षेत्रातील मूलभूत वाद आहे.

स्वरूप

जुन्या मोटारीची निगा राखण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग जतनाचा. यात मूळ रंग, मूळ आसने आणि मूळ यंत्रभाग शक्य तितके तसेच ठेवले जातात. दुसरा मार्ग मूळबरहुकूम जीर्णोद्धाराचा. यात मोटार कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशी ती पुन्हा सिद्ध केली जाते. 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था या दृष्टीने कॉर्व्हेट मोटारींचे परीक्षण करते. तिसरा मार्ग रेस्टोमॉडचा. यात पाहणाऱ्याला जुनी मोटार दिसते, पण चालवणाऱ्याला ती आजच्या मोटारीसारखी वागते.

इतिहास

जुन्या मोटारीत अधिक शक्तीचे इंजिन बसवण्याची प्रथा अमेरिकेत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच दक्षिण कॅलिफोर्नियात तरुण मंडळी स्वस्तात मिळणाऱ्या फोर्ड मोटारी हलक्या करून वेगवान बनवत. या मोटारींना 'हॉट रॉड' हे नाव पडले आणि १९४८ साली त्याच नावाचे मासिकही सुरू झाले. हॉट रॉडमध्ये मोटारीचे रूप मुक्तपणे बदलले जाई. रेस्टोमॉडमध्ये मात्र रूपाला शक्यतो धक्का लावला जात नाही. हाच दोहोंतील मुख्य भेद होय.

कॉर्व्हेटचे पहिले दर्शन जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्क येथील जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात घडले. त्या वर्षी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे केवळ ३०० मोटारी तयार झाल्या. सर्व मोटारी पांढऱ्या असून त्यांचा अंतर्भाग लाल होता. फायबरग्लासचे कवच हे या मोटारीचे वैशिष्ट्य होते. परंतु सहा सिलिंडरचे इंजिन व दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स यांमुळे तिची चाल तिच्या रूपाला साजेशी नव्हती. १९५५ साली आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन आल्यावर ही उणीव भरून निघाली. १९६३ साली 'स्टिंग रे' ही दुसरी पिढी आली. तिच्या बंद छताच्या प्रकारात मागील काच मधल्या पट्टीने दुभागलेली होती. ही रचना त्या एकाच वर्षी वापरली गेल्याने अशा मोटारींना आज विशेष मागणी आहे.

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात सादर झाली. कॅमारो ही तिची प्रतिस्पर्धी मोटार १९६७ च्या मॉडेल-वर्षापासून विक्रीस आली. या दोन मोटारींना काटेकोर अर्थाने स्पोर्ट्‌स मोटार न म्हणता 'पोनी कार' म्हटले जाते. तथापि रेस्टोमॉडच्या बाजारात त्या कॉर्व्हेटच्या बरोबरीने गणल्या जातात.

रेस्टोमॉडच्या प्रसाराला १९९७ च्या कॉर्व्हेटमधील 'एलएस१' इंजिनाने मोठी चालना दिली. ५.७ लिटर क्षमतेचे हे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने जुन्या बिडाच्या इंजिनांपेक्षा हलके होते. आकाराने आटोपशीर असल्याने ते जुन्या मोटारीच्या पुढील भागात सहज मावते. पुढे या कुळातील इंजिने लाकडी पेटाऱ्यातून नवी कोरी विकत मिळू लागली. त्यावरून त्यांना 'क्रेट इंजिन' म्हणतात. लास व्हेगास येथे दरवर्षी भरणारे 'सेमा' प्रदर्शन आणि २००४ साली सुरू झालेली 'ओव्हरहॉलिन' ही दूरचित्रवाणी मालिका यांनीही या छंदाला लोकप्रियता मिळवून दिली.

कार्यपद्धती

कॉर्व्हेटचे फायबरग्लासचे कवच पोलादी चासीवर बोल्टने बसवलेले असते. त्यामुळे कवच उचलून चासी स्वतंत्रपणे दुरुस्त करता येते किंवा पूर्णपणे नवी घालता येते. मस्टँगमध्ये चासी व कवच एकसंध असल्याने हे काम अधिक कठीण होते. तेथे गंजलेले पत्रे कापून नवे जोडावे लागतात.

फायबरग्लास गंजत नाही, म्हणून कॉर्व्हेट गंजापासून मुक्त असते, हा समज चुकीचा आहे. कवचाच्या आत समोरच्या काचेभोवती व दारांभोवती पोलादी सापळा असतो. त्याला कारागीर 'बर्डकेज' म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. हा सापळा आतून गंजला असला तरी बाहेरच्या चकचकीत रंगावरून त्याचा पत्ता लागत नाही.

सामान्यतः पुढील बदल केले जातात :

इंजिन : कार्ब्युरेटरच्या जागी संगणक-नियंत्रित इंधन-प्रक्षेपण येते. १९६३ च्या कॉर्व्हेटमधील साध्या इंजिनाची शक्ती २५० अश्वशक्ती सांगितली जाई. २००८ च्या कॉर्व्हेटमधील 'एलएस३' इंजिनाची शक्ती ४३० अश्वशक्ती आहे. हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. १९७२ पूर्वी अमेरिकी कंपन्या एअर फिल्टर, सायलेन्सर इत्यादी जोडण्या वगळून मोजलेली स्थूल शक्ती जाहीर करीत. त्यानंतर त्या जोडण्यांसह मोजलेली निव्वळ शक्ती देण्याची पद्धत आली. म्हणजे प्रत्यक्षातील अंतर आकड्यांवरून दिसते त्याहून अधिक आहे.

गिअरबॉक्स : जुन्या चार गतींच्या गिअरबॉक्समुळे महामार्गावर इंजिन सतत जास्त फेऱ्यांनी फिरते. पाच किंवा सहा गतींच्या नव्या गिअरबॉक्समध्ये वरच्या गिअरला फेऱ्या कमी होतात. आवाज व इंधन दोन्ही वाचतात.

ब्रेक : कॉर्व्हेटला १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. त्याआधीच्या मोटारींतील ड्रम ब्रेक वारंवार वापराने तापून निकामी होऊ लागतात. म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेक बदलावेत, असे जाणकार कारागीर सांगतात.

सस्पेन्शन व सुकाणू : पाट्यांच्या जागी गुंडाळी-स्प्रिंग बसवतात आणि रेडियल टायर वापरतात. शक्ती वाढल्याने मागील आस व तिचे गिअरही बळकट करावे लागतात.

अंतर्भाग : वातानुकूलन यंत्रणा नवी घालतात. मूळ यंत्रणेतील 'आर-१२' हा वायू ओझोनच्या थराला घातक असून १९९५ अखेर अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबले.

सुरक्षेच्या मर्यादा

नवे ब्रेक आणि टायर यांमुळे अपघात टाळण्याची क्षमता वाढते, पण अपघात घडल्यास होणारे संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही. टकरीचा धक्का शोषून घेणारी रचना आणि एअरबॅग जुन्या कवचात नसतात. धक्क्याने दबणारा सुकाणूदांडा जनरल मोटर्सच्या मोटारींत १९६७ च्या मॉडेल-वर्षापासून आला. त्यापूर्वीचा ताठ दांडा चालकाच्या छातीसाठी धोकादायक होता. अधिक शक्तीचे इंजिन घालताना सुकाणूदांडा आणि आसनपट्टे बदलले नाहीत, तर मोटार पूर्वीपेक्षा अधिक जोखमीची ठरते.

खरेदी-विक्री

रेस्टोमॉड मोटारींची विक्री खास विक्रेते, कार्यशाळा आणि लिलाव यांमार्फत होते. बॅरेट-जॅक्सन व मेकम या लिलावसंस्थांच्या विक्रीत अशा मोटारी नियमितपणे येतात. मूळबरहुकूम मोटारीची किंमत दुर्मीळपणा व कागदपत्रे यांवर ठरते, तर रेस्टोमॉडची किंमत मुख्यतः कामाच्या दर्जावर ठरते. मजुरीचे तास फार लागत असल्याने झालेला सर्व खर्च विक्रीत वसूल होईलच असे नाही. त्यामुळे स्वतः मोटार तयार करून घेण्यापेक्षा तयार मोटार विकत घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र तिच्या आतील काम घेणाऱ्याने पाहिलेले नसते. म्हणून टप्प्याटप्प्याची छायाचित्रे, सुट्या भागांच्या पावत्या, वायरिंगचा आराखडा आणि त्रयस्थ तज्ज्ञाची तपासणी यांना महत्त्व आहे.

ओळखक्रमांकाची पडताळणी सर्वांत आवश्यक असते. १९६३ ते १९६७ या काळातील कॉर्व्हेटमध्ये क्रमांकाची पट्टी हातमोज्यांच्या कप्प्याखालील आडव्या पट्टीवर असते. १९६८ पासून ती समोरच्या काचेपाशी आली. मालकीच्या प्रमाणपत्रावरील क्रमांक या पट्टीशी जुळला पाहिजे. हा क्रमांक काढणे, खोडणे किंवा बदलणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. मूळ इंजिनावरही मोटारीच्या क्रमांकाशी जुळणारे आकडे कोरलेले असतात. इंजिन बदलले तरी मूळ इंजिन जपून ठेवून मोटारीसोबत देण्याची चाल म्हणूनच हितावह मानली जाते.

टीका व वाद

जतनवाद्यांच्या मते जुनी मोटार हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. वेल्डिंगचा जोड, रंगाचा थर आणि कारखान्यातील खडूच्या खुणा यांतून त्या काळची उत्पादनपद्धती कळते; एकदा नष्ट झालेला हा पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही. जुन्या वाहनांच्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेतही जतनाला आणि कमीत कमी हस्तक्षेपाला प्राधान्य दिले आहे.

समर्थकांचे म्हणणे असे, की गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीपेक्षा रस्त्यावर धावणारी मोटार अधिक लोकांना आनंद देते. शिवाय अनेक मोटारी मूळ इंजिनाविना आणि गंजलेल्या अवस्थेत सापडतात. त्यांना रेस्टोमॉडमुळेच नवे आयुष्य मिळते.

व्यवहारात या वादावर एक मध्यममार्ग रूढ झाला आहे. 'एल८८' हे शर्यतीचे इंजिन असलेल्या कॉर्व्हेट १९६७ साली अवघ्या २० तयार झाल्या. अशा मोटारीत फेरबदल करणे जवळपास सर्वांनाच अमान्य आहे. याउलट १९७५ च्या कॉर्व्हेटचे साधे इंजिन केवळ १६५ अश्वशक्तीचे होते आणि त्या काळातील मोटारी मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. अशा मोटारी रेस्टोमॉडसाठी योग्य मानल्या जातात. शक्य तेथे मूळ चासी न कापता, बोल्टने बसणारे व पुढे काढता येणारे भाग वापरावेत, असाही आग्रह धरला जातो.

विद्युत रूपांतर

अलीकडे पेट्रोल इंजिनाऐवजी विद्युत मोटर व बॅटरी बसवण्याचेही प्रयोग होत आहेत. फोर्ड कंपनीने २०२१ साली 'एल्युमिनेटर' ही २८१ अश्वशक्तीची विद्युत मोटर अशा रूपांतरांसाठी सुटी विक्रीस आणली. व्ही-८ इंजिनाचा आवाज हा अमेरिकी मोटारीच्या अनुभवाचा अविभाज्य भाग मानणाऱ्यांचा या रूपांतराला विरोध आहे.

भारतातील स्थिती

अमेरिकी मोटारींशी मुंबईचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे मोटारजोडणी सुरू केली होती. तथापि भारतीय कायदा रेस्टोमॉडला फारसा अनुकूल नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होण्यासाठी वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातील असावे लागते. चासी, कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेले वाहन या नोंदणीस पात्र ठरत नाही. त्यामुळे भारतातील संग्राहकांचा कल मूळबरहुकूम जीर्णोद्धाराकडेच राहिला आहे.