यंत्रभरतकाम : मोठ्या नक्षीची आखणी

नक्षी फ्रेमपेक्षा मोठी असली की ती तुकड्यातुकड्यांत भरावी लागते व दर वेळी कापड नव्याने ताणावे लागते. घरगुती यंत्राला ३६० × २०० मिलिमीटरची फ्रेम मोठी समजली जाते; साडीच्या पदराला तीही तोकडीच. दोन तुकड्यांत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी वेलीचा देठ तुटलेला दिसतो. म्हणून कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर मध्यरेषा, तिला काटकोनात आडवी रेषा आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर फुली, अशी आखणी आधी करतात. जरदोजीचे कारागीर टोचलेल्या ट्रेसिंग कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी फिरवून सबंध खाका उतरवतात. यंत्राला खुणा पुरतात. आपोआप उडणाऱ्या शाईचे पेन सोयीचे खरे, पण दमट हवेत ती शाई लवकर विरते. खाडीकाठच्या मीरा-भाईंदरमध्ये पावसाळ्यात पहिला तुकडा भरून होईतो दुसऱ्याची फुली नाहीशी झालेली असू शकते. तेथे कच्च्या टाक्याची रेषाच भरवशाची. पाण्याने जाणाऱ्या शाईवर मात्र धुण्यापूर्वी इस्त्री फिरवू नये. उष्णतेने डाग पक्का होतो. पहिल्या तुकड्याच्या अखेरीस यंत्राकडूनच दोन फुल्या घालून घ्याव्यात. पुढच्या फ्रेमेत सुई त्यांवर नेमकी उतरते का, हे चाक हाताने फिरवून पाहता येते. फुल्या नंतर उसवतात.