पिढं, पिढी आणि खुर्ची

‘आज्याचं नाव कोतवाल बुकात सापडलं, पण पणज्याचं काई सापडून नाई राह्यलं.’ अमरावतीत अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलाशी उभे राहिले की हे वाक्य कानावर पडतेच. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यापायी माणसे वाळवी लागलेल्या कागदांत आपले पूर्वज धुंडाळतात आणि सापडतील तेवढे एकाखाली एक मांडतात. ती मांडणी म्हणजे वंशावळ.

संस्कृतात ‘वंश’ म्हणजे आधी वेळू, मग पाठीचा कणा, बासरी आणि कुळ. पेरावर पेर चढत जाणारा बांबू पाहूनच कुणाला बाप-लेक-नातू आठवले असावेत. ‘आवली’ म्हणजे ओळ. मेळघाटातला बांबू पाहिलेल्या माणसाला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतल्या ‘पेडिग्री’च्या मुळाशी मात्र करकोचा आहे. वंशवृक्षातल्या तीन फाट्यांची खूण जुन्या फ्रेंचांना करकोच्याच्या पायासारखी दिसली म्हणतात. अरबीतला ‘शजरा’ म्हणजे सरळ झाड. वेळू, पक्षी, झाड, सगळे रानातले.

‘पिढी’ मात्र घरातली. तिचे मूळ ‘पीठिका’त दिसते, म्हणजे बसायचे लहानसे आसन. चुलीपुढचे ‘पिढं’ हे तिचे सख्खे भावंड. हिंदीत ‘पीढ़ी’ म्हणजे पिढंही आणि पिढीही. गुजरातीत ‘पेढी’ म्हणजे पिढी आणि व्यापाऱ्याची गादीही. आपल्याकडे सावकाराची पेढी आली ती याच घरातून असावी. एक उठला की त्याच्या जागी दुसरा बसतो, ती पिढी. माणसे मोजायची म्हणून बसायच्या जागा मोजल्या, असा हा हिशेब दिसतो.

हा तर्क ओढूनताणून वाटत असेल तर उर्दूकडे पाहावे. तिथे वंशावळीला ‘कुर्सीनामा’ म्हणतात. कुर्सी म्हणजे आपली खुर्ची. ती अरबीतून आली, पण अरबीचीही नव्हे. आरामी आणि अक्कदीच्या वाटेने तिचा माग थेट सुमेरी भाषेपर्यंत जातो. संस्कृत कुळातले पिढे आणि पश्चिम आशियातली खुर्ची, दोघांचे रक्ताचे नाते काही नाही, तरी दोन्ही वंशाच्याच हिशेबात येऊन बसली. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होते, तेव्हा एखादा कुर्सीनामा इथल्या दफ्तरांतही लिहिला गेला असावा. आजच्या पुढाऱ्यांच्या घराण्यांकडे पाहता हा शब्द परत आणायला हरकत नाही.

वंशावळ ज्यावर उभी राहते ते कागदही शब्दांचे भलतेच मिश्रण. ‘कोतवाल’ बहुधा ‘कोट्टपाल’, म्हणजे किल्ल्याचा रखवालदार. फारसीत जाऊन तो शहराचा बडा अंमलदार झाला आणि आपल्या गावात परतला तो दवंडी पिटणारा म्हणून. त्याने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या वहीला ‘बुक’ हे इंग्रजी शेपूट. शाळेचे ‘दाखल-खारीज’ सगळे अरबी, आत आणि बाहेर. तिथल्या जन्मतारखांवर फार विसंबू नये. अर्ध्या गावाला गुरुजींनीच जूनजुलैच्या एक तारखेला जन्माला घातलेले असते. या नोंदीची ‘नक्कल’ मिळते. अरबीत नक्ल म्हणजे इथून उचलून तिथे नेणे. मराठीत तिचे चिडवणे झाले, कचेरीत मात्र शिक्का बसला की नक्कलच अस्सल.

आता तो न सापडणारा पणजा. ‘आजा’ हा ‘आर्यक’चा झिजलेला अवतार, ‘पणजा’तला ‘पण’ हा ‘प्र’चा दिसतो, जसा ‘प्रनप्तृ’चा ‘पणतू’. त्याच्या वरचा खापरपणजा. हे खापर कुठले? ‘खर्पर’ म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, तेच असावे. श्राद्धात पिंड तिघांनाच, बाप, आजा आणि पणजा. चौथ्यापासून वरचे ‘लेपभागी’, हाताला चिकटलेल्या शितांचे धनी. अख्खा घास जिथे संपतो तिथेच खापर सुरू व्हावे, हा मेळ मला खरा वाटतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे खापरच आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. आमच्या अमरावतीजवळून वाहत जाऊन पूर्णेला मिळणाऱ्या नदीचे नाव नेमके ‘पेढी’. तिला या घरात ओढायचा मोह होतो, पण म्हण आडवी येते.

आमच्या घरी एक पिढं होतं, चार बुटके पाय, मधली फळी बसून बसून गुळगुळीत झालेली. आजी त्यावर बसून भाकरी थापायची. तिच्या आधी तिची सासू बसायची. परवा वंशावळीचा कागद भरला तेव्हा त्यात बाप, आजा, पणजा ओळीने बसले. त्या पिढ्यावर मात्र त्यांतला एकही कधी बसला नव्हता.