बाटलीवरची विधवा

शॅम्पेनच्या एका प्रसिद्ध पिवळ्या लेबलवर नाव असते 'व्हव क्लिको'. फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा. वैधव्य हे पेढीचे नाव कसे झाले, त्याचा हा थ्रेड.

१७७२ मध्ये रँस शहरातील कापड-व्यापारी फिलिप क्लिको याने मद्याची पेढी काढली. पुढे कारभार मुलाने, फ्रान्स्वाने पाहिला. पण १८०५ मध्ये तो तापाने वारला. मागे २७ वर्षांची पत्नी बार्ब-निकोल आणि लहानगी मुलगी क्लेमांतीन. खचलेल्या फिलिपने पेढी मोडण्याचे ठरवले.

सुनेने ती मागून घेतली.

हे शक्य झाले ते एका विसंगतीमुळे. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीचे व्यवहार पतीच्या संमतीवर अवलंबून होते. विधवा मात्र स्वतःच्या नावाने व्यापार करू शकत असे. पतीच्या मृत्यूनेच तिला कायद्याने माणूसपण दिले, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त नव्हे. सासऱ्याने भांडवल दिले, पण अनुभवी व्यापारी अलेक्झांद्र फुर्नो याच्या भागीदारीत. १८१० मध्ये ती भागीदारी संपली आणि पेढीवर तिचे नाव आले : व्हव क्लिको-पोन्सार्दँ. पोन्सार्दँ हे माहेरचे आडनाव.

युद्धाने बाजारपेठा तोडल्या होत्या. १८१४ मध्ये शांततेची चिन्हे दिसताच तिने १०,००० हून अधिक बाटल्या गुपचूप जहाजाने रशियाच्या बाजारासाठी रवाना केल्या. प्रतिस्पर्धी मागे राहिले. गढूळ मद्य नितळ करण्यासाठी भोके पाडलेल्या मेजात बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी जमतो. ही रीतही तिच्याच तळघरातली मानली जाते.

रशियाची कथा सगळेच सांगतात. तिचा अधिक कठोर निर्णय मात्र वारसाचा होता.

क्लेमांतीनचा विवाह १८१७ मध्ये काउंट शेविन्ये या उधळ्या सरदाराशी झाला. जावयाला पैसा मिळत राहिला, पेढी नाही. ती मिळाली १८२१ मध्ये नोकरीस लागलेल्या एदुआर्द वेर्ले या जर्मन तरुणाला. १८३१ मध्ये तो भागीदार झाला; १८६६ मध्ये ती वारल्यावर मालक. बुर्सोचा तिचा भव्य वाडा तेवढा पणतीकडे गेला.

१८७७ मध्ये पिवळ्या लेबलची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली, तेव्हा पेढी वेर्लेची होती. लेबलवर नाव विधवेचेच.