स्वमग्नता आणि लाक्षणिक भाषा

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्ती वाक्प्रचार, रूपके, उपरोध व सूचक बोलणे यांचा अर्थ कसा लावतात आणि स्वतः अशी भाषा कशी वापरतात, हा मानसशास्त्र व भाषाविज्ञान यांतील अभ्यासविषय आहे. स्वमग्न व्यक्तींना केवळ शब्दशः अर्थ कळतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुढील संशोधनाने आणि स्वमग्न लेखकांच्या आत्मकथनांनी तिला मर्यादा घातल्या आहेत.

संकल्पना

भारतीय काव्यशास्त्रात शब्दाच्या अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आहेत. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे लक्षणेचे परंपरागत उदाहरण होय. प्रवाहावर वस्ती असणे अशक्य असल्याने 'गंगेच्या काठी' असा अर्थ घ्यावा लागतो. 'पोटात कावळे ओरडणे' यासारख्या वाक्प्रचारांचा लक्ष्यार्थ रूढीने ठरलेला असतो; तो ठाऊक नसेल, तर नुसत्या शब्दांवरून कळणे कठीण असते. व्यंजनेत प्रसंग, स्वर व बोलणाऱ्याचा हेतू यांवरून अर्थ ओळखावा लागतो. उशिरा घरी आलेल्या मुलाला 'किती वाजले?' असे विचारले जाते, तेव्हा वेळ जाणून घेण्याचा हेतू नसतो. त्यावर 'साडेआठ' असे उत्तर देणारे मूल वाच्यार्थाने बिनचूक बोलते, परंतु ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटू शकते. स्वमग्न मुलांच्या वाट्याला असे गैरसमज वारंवार येतात.

संशोधनाचा इतिहास

अमेरिकेत कार्यरत असलेले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मधील आपल्या शोधनिबंधात शब्दशः अर्थ घेण्याची उदाहरणे नोंदवली. एका मुलास वस्तू 'खाली ठेव' असे सांगताच त्याने ती जमिनीवर ठेवली. दुसऱ्याने 'भिंतीवरची चित्रे' हा वडिलांचा शब्दप्रयोग दुरुस्त करून चित्रे 'भिंतीजवळ' असल्याचे सांगितले.

कॅनर यांनीच 1946 मध्ये याची दुसरी बाजू मांडली. एका मुलाची आई पीटर नावाच्या पात्राचे बडबडगीत म्हणत असताना तिच्या हातून स्वयंपाकाचे भांडे पडले. त्यानंतर तसे भांडे दिसले की तो मुलगा त्या गीतातील शब्द उच्चारी. असंबद्ध वाटणारे हे बोलणे वस्तुतः खासगी अनुभवातून घडलेले रूपक आहे, असे कॅनर यांनी दाखवले.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का हॅपे यांनी 1993 मध्ये रूपक व उपरोध यांचे आकलन दुसऱ्याच्या मनातील हेतू ओळखण्याच्या क्षमतेशी जोडले. कोर्टनी नॉर्बरी यांच्या 2005 मधील अभ्यासात मात्र रूपकाच्या आकलनासाठी शब्दार्थांचे ज्ञान अधिक महत्त्वाचे ठरले. स्वमग्न व्यक्तींमध्ये लाक्षणिक भाषेची खास उणीव असते, या दाव्याची मॉर्टन अ‍ॅन गर्न्सबाकर व साराह प्रिपास-कापिट यांनी 2012 मध्ये चिकित्सा केली. आढळणारा फरक सर्वसाधारण भाषिक क्षमतेशी निगडित असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. इस्रायलमधील अनत कासिरर व नीरा मशाल यांच्या 2014 मधील अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी तुलनेतील गटापेक्षा अधिक नवनिर्मित रूपके रचली.

आत्मकथनांतील अनुभव

अमेरिकन पशुविज्ञान-अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी 'थिंकिंग इन पिक्चर्स' (1995) या पुस्तकात आपले विचार चित्ररूपाने चालतात, असे सांगितले आहे. अमूर्त कल्पनांसाठीही त्यांना दृश्य प्रतीक लागे. आयुष्यातील नव्या टप्प्याचा विचार त्या दाराच्या प्रतीकातून करीत आणि त्यासाठी खरोखरच्या दारातून जाण्याचा सराव करीत. शब्दशः आकलन आणि प्रतीकात्मक विचार एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे यावरून दिसते.

संवाद आणि शिक्षण

स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार संवादातील बिघाड एकतर्फी नसतो. स्वमग्न नसलेल्यांनाही स्वमग्न व्यक्तींचे मन ओळखता येत नाही. म्हणून स्पष्ट बोलण्याची जबाबदारी दोघांचीही ठरते. 'जरा थांब' याऐवजी 'दहा मिनिटे थांब' असे सांगणे, वाक्प्रचाराचा अर्थ प्रसंगासह समजावणे आणि शब्दशः उत्तराला उर्मटपणा न मानणे हे उपाय घरात व वर्गात सहज करता येतात. प्रत्येक स्वमग्न व्यक्तीची भाषिक क्षमता वेगळी असल्याने एकच पद्धत सर्वांना लागू पडत नाही.

हे सुद्धा पहा

स्वमग्नता
शब्दशक्ती
वाक्प्रचार
रूपक अलंकार