ताश्कंदची पेनल्टी, नवी मुंबईचं तिकीट

आमच्या शाळेत मुली मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळतात. मैदान लहान, गोलपोस्टच्या जागी दोन दप्तरं. सामना बरोबरीत राहिला की सगळ्या एका सुरात ओरडतात, "टीचर, पेनल्टी!" मग दप्तरांच्या मधे आठवीतली एक मुलगी येऊन उभी राहते. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, कोपरं खरचटलेली. तिच्या अंगावरून चेंडू सहसा जात नाही.

मध्यंतरी तिची अम्मी मला भेटायला आली. म्हणाली, "टीचर, मोहल्ल्यात लोक बोलतात. पोरगी पोरीसारखी राहिली नाही म्हणतात." मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि एका इराणी गोलरक्षकाची हकिकत सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी थोडं पेनल्टी शूटआऊटबद्दल. आज आपल्याला वाटतं, ही पद्धत पहिल्यापासूनच असेल. तसं नाही. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही ०-० राहिला, तेव्हा निकाल नाणं उडवून लावला गेला. इटली जिंकली आणि पुढे विजेतीही ठरली. दोन तास घाम गाळायचा आणि शेवटी छापा की काटा! हा अन्याय अनेकांना खटकत होता. अखेर १९७० मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने शूटआऊटला मान्यता दिली. प्रत्येक संघाला पाच संधी, चेंडू गोलपासून अकरा मीटरवर, समोर फक्त गोलरक्षक. पुरुषांच्या विश्वचषकात ही वेळ पहिल्यांदा आली १९८२ मध्ये, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सामन्यात.

म्हणजे विचार असा होता की नशिबाच्या जागी हुनर यावं. हुनर दाखवणाऱ्या माणसाला आपण कसं वागवतो, याची व्यवस्था मात्र कोणत्याही नियमात नसते.

आता ताश्कंदला जाऊ. सप्टेंबर २०२१. महिलांच्या आशिया चषकाची पात्रता फेरी. एका गटात इराण, जॉर्डन आणि बांगलादेश. इराण आणि जॉर्डन दोघांनीही बांगलादेशला ५-० असं हरवलेलं. २५ सप्टेंबरला दोघे समोरासमोर आले आणि सामना ०-० सुटला. गुण सारखे, गोलही सारखे. मुख्य स्पर्धेत जाणार एकच संघ. निकाल शूटआऊटवर आला. इराणची गोलरक्षक जोहरे कुदाई हिने दोन पेनल्ट्या अडवल्या आणि इराण ४-२ ने जिंकला. महिलांच्या आशिया चषकात इराण पहिल्यांदाच पोहोचला. ही स्पर्धा होणार होती आपल्याकडे, महाराष्ट्रात.

पण नोव्हेंबरमध्ये जॉर्डनच्या फुटबॉल महासंघाने आशियाई महासंघाला पत्र लिहिलं. मागणी अशी की कुदाई स्त्री आहे की नाही, याची तपासणी व्हावी. जॉर्डनच्या महासंघाचे अध्यक्ष प्रिन्स अली यांनी ते पत्र समाजमाध्यमावर टाकलं. एका खेळाडूच्या शरीराची चर्चा जगभर सुरू झाली. कुदाईने माध्यमांना ठामपणे सांगितलं की मी स्त्रीच आहे आणि हा माझा छळ आहे.

या गोष्टीचा एक जुना धागा आहे, आणि मला तोच जास्त बोचतो. जून २०११ मध्ये ऑलिम्पिक पात्रतेसाठी इराणच्या मुली जॉर्डनच्याच राजधानीत, अम्मानला गेल्या होत्या. डोकं झाकलंय म्हणून त्यांना सामना खेळू दिला नाही. मुली मैदानावरच रडल्या. त्यानंतर ही बंदी उठावी म्हणून फिफामध्ये ज्यांनी सर्वांत जोर लावला, ते हेच प्रिन्स अली. २०१२ मध्ये प्रयोग म्हणून आणि २०१४ मध्ये कायमची परवानगी मिळाली. त्यांचं हे काम मोठं आहे, ते नाकारता येणार नाही. शंका असेल तर तक्रार करण्याचा हक्कही संघाला असतो. पण ती तक्रार बंद लिफाफ्यात राहू शकली असती. ज्यांनी मुलींसाठी दार उघडलं, त्यांनीच एका मुलीला चौकात उभं केलं.

कुदाई मात्र आली. २० जानेवारी २०२२ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ती भारताविरुद्ध गोलमध्ये उभी राहिली. आपल्या मुलींनी बरेच हल्ले केले, पण सामना ०-० राहिला. तीनच दिवसांनी भारतीय संघात कोरोना इतका पसरला की खेळायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि नियमानुसार ती बरोबरीही रद्द धरली गेली. इराण पुढे चीनकडून ०-७ आणि चायनीज तैपेईकडून ०-५ असा हरला. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

शूटआऊट काय देऊ शकतं, हे त्याच स्पर्धेत पुण्याने पाहिलं. ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सने त्याच तैपेईला शूटआऊटमध्ये ४-३ ने हरवलं. त्यांची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने पेनल्टी अडवली आणि स्वतः एक मारलीही. त्या विजयाने फिलिपिन्स पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरला. पुढे २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी यजमान न्यूझीलंडला हरवलं. त्याच स्पर्धेत मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. महिलांच्या विश्वचषकात अशी ती पहिलीच. अम्मानमध्ये रडलेल्या मुलींना बारा वर्षांनी मिळालेलं ते उत्तर होतं.

दोन्ही गोलरक्षकांनी काम एकच केलं. मॅकडॅनियलचं कौतुक झालं, कुदाईकडे पुरावा मागितला गेला. आपल्या गल्लीतही याहून वेगळं काय होतं? मुलगा चेंडू अडवतो तेव्हा आपण "शाबास" म्हणतो. मुलगी अडवते तेव्हा ती मुलीसारखी आहे का, हे तपासायला बसतो.

अम्मीने सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला होता. त्यांनी एकच विचारलं, "मग ती इराणची पोरगी पुढे खेळली ना?"

"खेळली. इथेच, नवी मुंबईत."

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ठीक आहे टीचर. फक्त मगरिबच्या आधी घरी पाठवत जा."