उसनी किल्ली

अनुराग बसूंच्या 'लाइफ इन अ... मेट्रो'मधला (2007) राहुल कॉल सेंटरमधल्या वरिष्ठांना आपल्या फ्लॅटची किल्ली तासा-दोन तासांसाठी देतो आणि बढतीची वाट बघत रस्त्यावर वेळ काढतो. जुने सिनेमे पाहणाऱ्यांनी ही किल्ली लगेच ओळखली: बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'मधली (1960). तिथे विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर हाच उद्योग करतो.

पण किल्ली वाइल्डरचीही नव्हे. नोएल कॉवर्डची 'स्टिल लाइफ' ही एकांकिका 1936 मधली. तिचे सगळे प्रवेश एका रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात घडतात. एक विवाहित डॉक्टर आणि एक विवाहित बाई तिथे भेटतात आणि शेवटी दुरावतात. डेव्हिड लीनने 1945 मध्ये तिच्यावरून 'ब्रीफ एन्काउंटर' काढला. सिनेमात डॉक्टर मित्राच्या फ्लॅटवर भेट ठरवतो. बाई येते, तोच मित्र अवचित परततो आणि तिला मागच्या दाराने पळावं लागतं. प्रेक्षक हळहळतात ते तिच्यासाठी. वाइल्डरच्या डोक्यात मात्र तो मित्र राहिला: दुसऱ्यांच्या भेटीनंतर त्याच बिछान्यावर एकटा निजणारा. सेन्सॉरच्या धाकाने हा विषय बरीच वर्षं पडून राहिला. मग आय. ए. एल. डायमंडच्या साथीने पटकथा झाली आणि सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली. शेवटी साहेब किल्ली मागतात, तेव्हा बॅक्स्टर त्यांच्या हातात अधिकाऱ्यांच्या प्रसाधनगृहाची किल्ली ठेवतो. किल्लीवर याहून चांगला विनोद मला ठाऊक नाही.

बसू वाढले भिलाईत, नाटकवाल्या घरात. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याचं ते गाव, पहिली झोतभट्टी 1959 ची. सेक्टरांत आखलेल्या वसाहतीत क्वार्टर नोकरीबरोबर मिळायचं आणि शेजारीही कारखान्यातलाच. कोण कुठल्या पाळीला गेलाय हे जिथे गल्लीभर ठाऊक, तिथे उसनी किल्ली चालायची कशी? तिला मुंबईच हवी. जागा महाग आणि शेजारी अनोळखी.

'मेट्रो'मध्ये ही किल्ली वापरणारा साहेब म्हणजे रणजीत. त्याची बायको शिखा, आणि तिच्या आयुष्यात येणारा आकाश रंगभूमीवर धडपडणारा नट. माझ्या मते सिनेमाचं खरं बळ फ्लॅटच्या गमतीत नाही, या दोघांच्या अडखळण्यात आहे. किल्ली वाइल्डरकडून आली खरी, पण शिखाच्या पावलांना लीनच्या नायिकेचं भय आहे.

अशा अडखळत्या संयमाचं दुसरं घराणं हाँगकाँगचं. वोंग कार-वायचा 'इन द मूड फॉर लव्ह' 2000 चा. प्रेरणा लिऊ यिचांगच्या लेखनाची, काळ 1962 चा, आणि माणसं शांघायहून येऊन भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारी. शेजारच्या दोन घरांतले नवरा-बायको एकमेकांत गुंतलेले आहेत, हे मागे उरलेल्या दोघांना हँडबॅग आणि टायवरून कळतं. ती गुंतलेली जोडी पडद्यावर चेहरा दाखवत नाही, म्हणून आपण तिच्यावर धड रागावूही शकत नाही. हे दोघेही हॉटेलात खोली घेतात, 2046 क्रमांकाची, पण बसतात ते मार्शल आर्ट्सच्या मालिकाकथा लिहायला. इथे किल्ली कुणाकडे मागावी लागत नाही. शेजारी काय म्हणतील याचा धाक तेवढा पाठीशी असतो. चित्रीकरण पंधरा महिने रेंगाळलं आणि नायक झालेल्या टोनी लिऊंगला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला.

बसूंनी 2025 मध्ये 'मेट्रो... इन दिनों' काढला. त्यातल्या माँटीला फ्लॅट लागतच नाही. तो डेटिंग ॲपवर खातं उघडतो, आणि पलीकडून खोट्या नावाने त्याच्याशी बोलत असते त्याचीच बायको.