पलटण निवडण्याचा अधिकार



परीक्षेचा निकाल लागला की बेळगाव परिसरातील अनेक घरांत एक चर्चा रंगते. मुलाने सैन्यात जायचे हे ठरलेलेच असते. प्रश्न असतो तो भूदल, नौदल की वायुदल हा. उंची, छाती, पगार, निवृत्तिवेतन या सर्वांचा हिशेब होतो. परंतु हा प्रश्न घरात बसून विचारण्याची मुभा आपल्याला मिळाली त्याला फार काळ लोटलेला नाही.

इंग्रजी अमदानीत जवान पलटण निवडत नसे. सरकार जात पाहून जवान निवडीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली आणि ज्या महार समाजाने मुंबई इलाख्याच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्याची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे नेले. महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली; युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

पुढचा अध्याय आपल्याच गावात घडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः एका सुभेदाराचे पुत्र, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि महारांच्या भरतीचा आग्रह त्यांनी सातत्याने धरला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावात उभी राहिली. जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन भूदलप्रमुख पुढे याच रेजिमेंटमधून आले. मराठा पायदळाच्या केंद्राचा, म्हणजे १९२२ पासून येथे असलेल्या संस्थेचा, अभिमान आपण नित्य बोलून दाखवतो. या दुसऱ्या घटनेचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि ते मला योग्य वाटत नाही.

मराठा तरुणाला दार उघडे होते, तरी निवड त्याचीही नव्हती. काका ‘जंगी’ पलटणीत असेल तर पुतण्याही तिथेच जाई. ‘काळी पाचवी’ची घरे वेगळी. आरमारात कोकण किनाऱ्यावरचे, विशेषतः रत्नागिरीकडचे, लोक जात. वायुदल तर १९३२ साली जन्मले. तिथे यंत्रज्ञान आणि शाळेतले शिक्षण लागे. घाटावरच्या शेतकऱ्याच्या मुलाला ही दोन्ही दले परकीच होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी एकत्र शिकावे, या विचाराने जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला संयुक्त प्रशिक्षण सुरू झाले. तीच संस्था राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी होऊन खडकवासल्यास आली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. तिच्या अर्जात उमेदवाराने दलांचा पसंतीक्रम लिहायचा असतो. जात विचारून दल ठरवणाऱ्या जुन्या भरतीशी हा एक रकाना ताडून पाहावा!

तरीही खरा निर्णय त्या अर्जाच्या दोन वर्षे आधीच होऊन जातो, हे पालकांच्या ध्यानी येत नाही. प्रबोधिनीच्या भूदल शाखेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि वायुदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. म्हणजे दहावीनंतर कला शाखेत नाव घातलेल्या मुलाने प्रबोधिनीतून समुद्रावर वा आकाशात जाण्याचा मार्ग नकळत सोडलेला असतो. ‘गणित जमत नाही’ एवढ्या कारणाने घेतलेल्या प्रवेशाची ही किंमत त्याला कोणी सांगत नाही. इथे पूर्वीचा जातीचा अडसर नाही, अज्ञानाचा आहे.

मुलींना प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाल्या. आपल्या शेजारच्या सांबऱ्याच्या वायुदल प्रशिक्षण केंद्रातून महिला अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३ मध्येच बाहेर पडली होती. जवानांच्या भरतीचा हिशेब २०२२ च्या अग्निपथ योजनेने पार बदलला : सेवा चार वर्षांची, आणि त्यापुढे कायम होणारे जास्तीत जास्त शेकडा २५. निवृत्तिवेतनाच्या भरवशावर जी निवड वडिलांनी केली, तीच मुलाने डोळे मिटून करावी असे आता म्हणता येणार नाही. चार वर्षांत हाती कोणते कौशल्य येईल, हे त्याने दल निवडताना अवश्य विचारावे.

या सभागृहात तिन्ही दलांतून निवृत्त झालेले माजी विद्यार्थी बसले आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे, अशी माझी विनंती आहे. मात्र तो दिवस निकालानंतरचा नसावा, दहावीच्या मुलांनी पुढची शाखा ठरवण्याच्या आधीचा असावा.